दोन व्याही आणि देशाचे कर्ज

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘संवाद समन्वयक’ असे छापले आहे. त्यावरून निम्म्या नातेवाइकांना मी कॉल सेंटरमध्ये काम करते असे वाटते आणि उरलेल्यांना मी लग्ने जुळवते असे. दुसरा समज अगदीच निराधार नाही. ज्या माणसांना एकमेकांच्या पक्षाचे नाव ऐकताच खुर्ची लांब सरकवावीशी वाटते, त्यांना एका खोलीत बसवायचे, सरकारचा खर्च, कर आणि देशावरचे कर्ज या विषयांवर बोलते करायचे आणि बोलून झाल्यावर शक्यतो एकाच जिन्याने खाली उतरवायचे, हे माझे काम आहे. त्याचा मला पगार मिळतो. हे वाक्य मुद्दाम लिहिले, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो.

तिशीही न गाठलेल्या बाईने व्यवसायातल्या आठवणी लिहाव्यात का, अशी शंका मी या अंकाच्या संपादकांकडे व्यक्त केली होती. भांडणे ऐकण्यात तुमची सेवा पुष्कळ झाली आहे, असे ते म्हणाले. ते खरे आहे.

मी भौतिकशास्त्र शिकले आणि चाकणला मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात लागले. तेव्हा माझी अशी ठाम समजूत होती की नीट मोजमाप केले की कोणतेही भांडण मिटते. शाफ्टचा व्यास बरोबर आहे की नाही यावर उत्पादन विभाग आणि आम्ही तावातावाने बोलायचो, मायक्रोमीटर लावायचो आणि गप्प बसायचो. मग एका अर्थसंकल्पाच्या दिवशी कँटीनमधल्या टीव्हीखाली दोन जिवलग अभियंते असे भांडले की त्यांनी एका टेबलावर जेवणे सोडले. एकाच्या मते सरकार देश विकून खात होते. दुसऱ्याच्या मते देश आत्ता कुठे उभा राहत होता. त्या वादाला लावता येईल असा मायक्रोमीटर कंपनीच्या स्टोअरमध्ये नव्हता. मला तो प्रश्न शाफ्टपेक्षा रंजक वाटला. चिंचवडमधल्या एका छोट्या संस्थेने अशा सभा भरवायला माणूस हवा अशी जाहिरात दिली तेव्हा मी अर्ज केला. आईने आठवडाभर माझ्याशी संवाद आणि समन्वय दोन्ही बंद ठेवले होते.

या लेखात कोणाचा पक्ष कोणता हे मी सांगणार नाही. एक तर तो आमच्या कामाचा दंडक आहे. दुसरे म्हणजे, अंक छापून येईपर्यंत आपल्या राज्यात कोण कोणाबरोबर असेल याची हमी मला देता येणार नाही.

बाहेरच्यांना आमचे काम म्हणजे मध्ये बसून ‘शांत व्हा’ म्हणणे वाटते. शांत व्हा असे सांगितल्याने आजवर कोणी शांत झालेले मी पाहिलेले नाही. त्याऐवजी आम्ही नियम लावतो. पहिला नियम असा, की जो खर्च मागेल त्याने तो कोणाच्या खिशातून करायचा ते सांगावे, आणि जो कर कमी करा म्हणेल त्याने कोणता खर्च बंद करायचा ते सांगावे. एवढ्यानेच सभागृहातले अर्धे आवाज आपोआप खाली येतात. वाकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एका गृहस्थांनी प्राप्तिकर निम्मा करावा आणि मेट्रो सोसायटीच्या फाटकापर्यंत आणावी, या दोन्ही मागण्या एका श्वासात केल्या होत्या. मी नियम सांगितल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, “मग राहू द्या, मेट्रो चौकापर्यंतच आणा.”

सुरुवातीला मी चुकाही केल्या. आमच्या पद्धतीत जमिनीवर एक रेघ मारतात. सरकारने कर्ज काढून खर्च करावा असे ज्यांना वाटते ते रेघेच्या एका टोकाला उभे राहतात, विरोधातले दुसऱ्या टोकाला, आणि बाकीचे मधे जिथे पटेल तिथे. चाकणच्या एका कारखान्यात खडू मिळाला नाही, म्हणून मी स्टोअरमधून पिवळी चिकटपट्टी आणली आणि नीट दिसावे म्हणून एकाऐवजी दोन समांतर रेघा ओढल्या. सगळे कामगार त्या दोन रेघांच्या मधोमध एकामागे एक उभे राहिले. कोणी इकडे नाही, कोणी तिकडे नाही. इतके एकमत मी कुठेच पाहिले नव्हते. मी उत्साहाने टिपणे काढू लागले. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी आले आणि कँटीनमध्ये नवी पायवाट कोणी आखली म्हणून विचारू लागले. कारखान्यात पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचे आणि बाहेर पाऊल टाकायचे नाही, ही शिस्त तिथे पहिल्या दिवसापासून अंगात भिनवतात. नोकरीत असताना मी स्वतःही तशाच पट्ट्यांमधून चालत होते. तरीही मला ते मध्यममार्गी जनमत वाटले.

चाकणनेच मला माझा सगळ्यात उपयोगी नियमही दिला. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनची हकीकत सांगतो: कोणते हत्यार झिजले आहे, कोणते माप सरकते आहे. चांगला सुपरवायझर येणाऱ्याकडून तीच हकीकत परत वदवून घेतो, आणि जाणारा ‘बरोबर’ म्हणाला की मगच पाळी सुटते. याला हँडओव्हर म्हणतात. मी तो जसाच्या तसा सभेत आणला. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने मांडायचे, समोरचा ‘हो, हेच’ म्हणाला की मग आपले सुरू करायचे. ज्यांनी कधी पाळी केली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा या नियमाची इतकी कठीण परीक्षा होईल असे मला वाटले नव्हते.

प्राजक्ता चाकणच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर होती. पुढे तिचे निखिलशी लग्न झाले आणि ती वाकडला राहायला गेली. नुकताच तिला मुलगा झाला होता आणि ती माहेरी, राजगुरुनगरला होती. तिने सांगितले ते असे. बाळ जन्मले त्या दिवशी तिचे सासरे शरदराव पेढ्यांचा डबा घेऊन दवाखान्यात आले. तिच्या वडिलांनी, म्हणजे भिकूशेठ पोखरकरांनी, पेढा हातात घेतला आणि म्हणाले, “ग्वाड खाऊ, पाव्हणं, पन पोरगं जल्मालाच आलंय डोक्यावर कर्ज घिऊन. तुमच्या सरकारची किरपा.” शरदरावांनी डबा बाकावर ठेवला आणि ते निघून गेले. आता ते म्हणत होते की पोखरकरांनी शब्द मागे घेतल्याशिवाय मी बारशाला येणार नाही; आणि पोखरकर विचारत होते की मागे घेण्यासारखे मी बोललो काय, देशावर कर्ज आहे हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

मी प्राजक्ताला सांगितले की आमची संस्था घरगुती तंटे घेत नाही.

“हे घरगुती नाहीये,” ती म्हणाली. “हे राष्ट्रीय कर्जाचं आहे.”

मग ती जरा हळू बोलली. “मला पाळण्याजवळ दोघंही आजोबा हवेत गं. एक असलेला आणि एक नसलेला फोटो मी बाळाला दाखवणार नाही. मग बारसंच नको.”

या दोन व्याह्यांची ओळख करून द्यायला हवी. शरदराव मराठवाड्यातून तरुणपणी आले, पिंपरीच्या एका कारखान्यात लागले, युनियनमध्ये वावरले, निवृत्त होऊन कासारवाडीत स्थायिक झाले. भिकूशेठ खेड तालुक्यातल्या जुन्या घरातले. चाकणला त्यांची लोखंडी गेट आणि शेड बनवण्याची जागा आहे. लग्नाची बोलणी एका बैठकीत, चहा निवायच्या आत उरकली होती. मानपान, देणेघेणे, पंगत, कशावरही मतभेद झाला नव्हता. मतभेद होता तो फक्त वित्तीय तुटीवर.

समेटासाठी बोलावले असते तर दोघेही आले नसते. म्हणून मी त्यांना समेटासाठी बोलावलेच नाही. कासारवाडी स्थानकाजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमची दर महिन्याला सभा असते. बारशाच्या आदल्या आठवड्यातल्या सभेचा विषय मी ‘देशाचे कर्ज: ओझे की गुंतवणूक?’ असा ठेवला आणि दोघांना वक्ता म्हणून स्वतंत्र निमंत्रण दिले. समोर कोण आहे हेही कळवले. दोघांचा होकार त्याच दिवशी आला. एखाद्याला भेटायची इच्छा नसली तरी त्याला चार लोकांत हरवायची इच्छा असू शकते, हे या व्यवसायातले मूलभूत ज्ञान आहे.

त्या सभागृहात एक सोय आहे. लोणावळ्याकडे जाणारी गाडी आली की बोलणाऱ्याला थांबावेच लागते. तापलेल्या वक्त्याला याहून सभ्यपणे गप्प करता येत नाही. दुसरी सोय म्हणजे रफिकभाई. खाली त्यांचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे; सभेत ते वेळ पाळतात आणि वेळ संपली की स्टीलच्या पेल्यावर पाना वाजवतात.

पहिली पाळी भिकूशेठची होती. ते उभे राहिले आणि कोणाकडेही न पाहता बोलले. “आमी ट्याक्स भरतो. लोखंड घेतलं की भरतो, गेट इकला की भरतो, नफा झाला की परत भरतो. आन सरकार काय करतं? कर्ज काढतं. त्याचं याज भराया परत कर्ज काढतं. माझ्या शेडात मी असं केलं, तर बँक कुलूप लावंल.” अशाच चढ्या सुरात ते पाना वाजेपर्यंत बोलले.

आता शरदरावांनी तेच म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे होते. मला भीती होती ती इथेच. माणसे या टप्प्यावर समोरच्याचे बोलणे चिमटीत धरून, नाक वर करून सांगतात. शरदरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पोखरकर साहेबांचं म्हणणं असं. आज निवडून येणारा माणूस खर्चाचं श्रेय घेतो आणि व्याज पुढच्यांच्या गळ्यात टाकतो. त्या पुढच्यांना आज मत न्हाई. कर्ज काढणारा एक, फेडणारा दुसरा. म्हणून हा नुसता हिशेबाचा न्हाई, न्यायाचा प्रश्न हाय.”

सभागृहात टाळ्या पडल्या. भिकूशेठ गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. “ह्ये न्यायाचं म्या बोललोच न्हवतो,” ते म्हणाले. “पन ऱ्हाऊ द्या. चांगलं हाय.”

मग शरदरावांनी आपली बाजू मांडली. देशाचा संसार घरासारखा नसतो, माणूस म्हातारा होतो पण देश निवृत्त होत नाही, आणि जो रस्ता पुढची पिढी वापरणार त्याचे थोडे पैसे पुढच्या पिढीने फेडले तर त्यात अन्याय तो काय, असा त्यांचा रोख होता. बांधण्यासाठी काढलेले कर्ज आणि उडवण्यासाठी काढलेले कर्ज यांत फरक करा, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितले. गाडी आली, गेली, ते पुन्हा तिथूनच सुरू झाले.

भिकूशेठनी हँडओव्हर घेतला तो असा. “पाव्हण्यांचं म्हननं हाय, की माझी शेड हाय तिथं आधी पावसाळ्यात बैलगाडी रुतायची. सरकारनं उसनं काढून रस्ता केला, म्हून कंपन्या आल्या. कंपन्या आल्या म्हून माझं गेट इकलं. आन गेट इकलं म्हून आज मी हितं उभं राहून ट्याक्सची तक्रार करतोय.”

लोक हसले. शरदराव हसले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. “हे मी म्हणालो न्हाई,” ते म्हणाले. “म्हणायला पाहिजे होतं.”

तेव्हा रफिकभाईंनी पाना खाली ठेवला. वेळ पाळणाऱ्याने बोलू नये असा संकेत आहे. तो त्यांनी त्या दिवशी मोडला. “मॅडम, ह्या दोघांची तालीम आधीच झालेली आहे,” ते म्हणाले. “शेठचा टेम्पो आमच्याच पार्टवर चालतो. मागचं सरकार होतं तेव्हा शेठ काउंटरवर कोपर टेकून मला हेच समजवायचे, की कर्ज काढल्याशिवाय मुलूख उभा राहत नाही. आणि शरदराव, आपण व्याजाचं सांगायचे. मी दोघांना हो म्हणायचो. गिऱ्हाईक आहे राव.”

इतका वेळ हसणारे लोक आता मोठ्याने हसू लागले. माझ्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकमेकांचे म्हणणे दोघांनी इतके उत्तम मांडले, कारण ते एके काळी त्यांचे स्वतःचे होते. खुर्चीवरचे सरकार बदलले तशी दोघांनी पाळी बदलून घेतली होती. हा शोध मी पुढे अनेक सभांमध्ये तपासून पाहिला आहे आणि तो जवळजवळ कुठेच फसलेला नाही. भौतिकशास्त्रात मला इतका खात्रीशीर निष्कर्ष कधी मिळाला नव्हता.

डोक्यावरच्या कर्जाबद्दल सभेत मला विचारलेच गेले. मी एवढेच सांगितले की देशाचे कर्ज लोकसंख्येने भागले तर गणित बरोबर येते, पण तेच करायचे तर रस्ते, धरणे, शाळाही भागाव्या लागतील. आणि उलट बाजूने, कर्जाचे व्याज खरेच भरावे लागते, ते भाषणाने फिटत नाही. यावर दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर सारखेच नाराज झाले. म्हणजे काम बरे झाले.

सभेच्या शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला: तुमच्याच पक्षाच्या सरकारने केलेला असा एक खर्च सांगा, जो स्वतःच्या खिशातून तुम्ही केला नसता. दोघांनीही पानभर जाहिरातींचे नाव घेतले. त्या संध्याकाळची एकमताची तेवढीच एक नोंद झाली.

प्राजक्ताचा संदेश आला: ‘मग?’ मी कळवले की कर्जाबाबत कोणाचेही मत बदललेले नाही. तिने लगेच उत्तर दिले: ‘कर्ज गेलं खड्ड्यात. निखिलचे बाबा येणार का?’

ते मला ठाऊक नव्हते. जिना उतरून आम्ही खालच्या टपरीवर चहाला थांबलो. शरदरावांनी पेला हातात घेतला, पण ते प्यायले नाहीत. “पोखरकर साहेब,” ते म्हणाले, “आकड्यांवर आपण मरेपर्यंत भांडू. त्याचं मला काही न्हाई. पण त्या दिवशी काहून बोललात? पेढा हातात होता हो तुमच्या.”

भिकूशेठ रस्त्याकडे पाहत राहिले.

“पोरीला आत न्हेल्यापासनं कुनी काय सांगंना,” ते म्हणाले. “समोर टीव्ही व्हता. त्यात दोघं कर्जावर भांडत व्हते. आतलं काय डोक्यात यिऊ न्हाई म्हून मी त्येच बघत बसलो. मंग तुमी आलात, आन तोंडात जे साठलं व्हतं त्येच भायेर पडलं. भ्यालो व्हतो, पाव्हणं. दुसरं काय न्हाई.”

शरदरावांनी चहाचा घोट घेतला. “मी तर आत आलोच न्हाई,” ते म्हणाले. “बाळाची बातमी येईपर्यंत दवाखान्याबाहेर रिक्षास्टँडवर उभा होतो. आत बसायचा धीर झाला न्हाई मला.” पेला ठेवून, मान हलवून ते घराकडे चालू लागले. बारशाचे नाव त्यांनीही काढले नाही आणि भिकूशेठनीही नाही.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती थोडी खट्टू होऊन. माझी सारी पद्धत युक्तिवादासाठी बनवलेली होती. युक्तिवाद नीट ऐकला गेला की उरलेले आपोआप होईल, असे मी धरून चालले होते. भीतीसाठी तिच्यात जागाच नव्हती. याआधीच्या काही सभांतून जी माणसे उठून गेली आणि परत आली नाहीत, त्यांना मी हट्टी म्हणून सोडून दिले होते. त्यांच्यापैकी किती जण कोणत्या टीव्हीसमोर बसून, कशाची वाट पाहत त्या मतापर्यंत पोचले होते, हे मी कधी विचारले नव्हते. आता प्रत्येक सभेची सुरुवात मी याच प्रश्नाने करते: हे तुम्हाला पहिल्यांदा वाटले तेव्हा तुम्ही कुठे होता? या प्रश्नाने वेळ जातो, आमच्या देणगीदारांना तो आवडत नाही. त्यांना किती मते बदलली तो आकडा हवा असतो. तो रकाना मी प्रामाणिकपणे भरते, म्हणजे बहुतेक रिकामा ठेवते. आणि शेजारी, पुढच्या सभेला दोन्ही बाजूंचे किती जण परत आले, तो आकडा लिहिते. एक दिवस ही पद्धत प्रत्येक जिल्ह्यात न्यायची असा माझा इरादा आहे, आणि तो मी लपवत नाही.

बारशाला मला आमंत्रण होते. राजगुरुनगरला भिकूशेठच्या अंगणात मांडव घातला होता, घुगऱ्यांची पातेली तयार होती, आत बायका पाळणा सजवत होत्या. वाकडहून गाडी आली. तीतून निखिल उतरला, त्याची आई उतरली, बाळंतविडा घेऊन त्याची बहीण उतरली. शरदराव नव्हते. निखिल म्हणाला की ते आमच्यासोबत निघाले नाहीत, मागून बघतो म्हणाले. प्राजक्ता आत गेली. भिकूशेठ मात्र फाटकावरचे आंब्याच्या पानांचे तोरण सरळ असूनही ते पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.

बायका पाळण्याशी जमल्या. मुहूर्ताची घाई सुरू झाली. थोडे थांबू, असे भिकूशेठनी दोनदा सांगितले, आणि तिसऱ्यांदा सांगितले तर लोक आपल्याकडे पाहतील म्हणून ते पाठ करून उभे राहिले.

तेवढ्यात फाटकातून शरदराव आले, पँट पोटरीपर्यंत धुळीने माखलेली, हातात चपला.

“तुमच्या तालुक्यात रस्त्याचा पैसा जातो कुठं हो?” ते तिथूनच म्हणाले. “सगळं खोदून ठेवलंय. रिक्षा तिकडंच राहिली, मी चालत आलो.”

“या, पाव्हणं,” भिकूशेठ म्हणाले. “आधी पाय धुवा, मंग सांगतो.”

त्यांनी स्वतः तांब्या आणून दिला. शरदराव पाय धुता धुता मांडवाकडे पाहत होते. हा केवढ्याला पडला, त्यांनी विचारले. आणि पक्के बिल घेतले का, हेही. भिकूशेठनी मांडववाल्याकडे पाहिले आणि मांडववाल्याने भिकूशेठकडे. पुढचा सारा वेळ, पाळण्याशेजारच्या दोन खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघा लावून, ते दोघे मांडवाच्या बिलावर कर भरावा की नाही यावर वाद घालत राहिले. एकाने सरकार हिशेब देत नाही म्हटले, दुसऱ्याने तुम्ही तरी कुठे देता म्हटले. निखिल त्यांना थांबवायला पुढे सरसावला, तर प्राजक्ताने त्याचा हात धरला. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तोंडं उघडी असतील तरी चालेल. काढ.”

मग आत्या पाळण्यावर वाकली आणि बायकांनी सगळ्यांना गप्प केले. नाव काय ठेवायचे ते आठवड्यापूर्वीच ठरले होते आणि दोघांनाही पाठ होते. तरी दोघांनी बोलणे अर्धे सोडले आणि ऐकू यावे म्हणून खुर्च्या पुढे सरकवल्या.